बहिऱ्या दरीतली अकरा मिनिटं

४ फेब्रुवारी

धाकटीने ही वही दिली. म्हणाली, "दादा, राग आला की आधी यात लिही, मग हात उचल." मला हसूच आलं. राग काय नोटीस देऊन येतो? पण बहिणीने दिलीय म्हटल्यावर लिहायला हवं.

आज बहिऱ्या दरीतून विमान खाली आणलं. विमान कसलं, पत्र्याचा चुरा. सोबत जीपवाला आणि दोन हमाल. चार तासांची चढण. गाणारा सीटवरच होता. नवा वैमानिक, रेडिओवर सारखा गुणगुणायचा म्हणून आम्ही त्याला गाणारा म्हणायचो. इंजिन मागे सरकून त्याच्या दोन्ही मांड्यांवर बसलं होतं. बोलायचा माइक उजव्या मुठीत, तार ताणून पार छातीशी. मूठ उघडेना. शेवटी एकेक बोट मोडून माइक काढला.

एका हमालाने त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढायला सुरुवात केली. माझं डोकं सटकलं. फावड्याचा दांडा घातला पाठीत, दोनदा. नंतर कळलं की तो ते घरच्यांना द्यायला काढत होता. मग आधी बोलायचं ना! तोंड काय जेवायलाच दिलंय?

डॉक्टर म्हणाले, आदळल्यावर सहा-सात तास तरी जिवंत होता. विमानाची बॅटरी पूर्ण उतरली होती. म्हणजे तेवढा वेळ हा माणूस हाका मारत होता. रेडिओचा आवाज सरळ रेषेत जातो, मध्ये डोंगर आला की संपलं. ही दरी दोन्ही बाजूंनी अशी उभी आहे की आत शिरलेल्या विमानाचं धावपट्टीवरच्या रेडिओच्या खोलीत आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. वैमानिक शिरताना सांगतात, "आत चाललो." पलीकडची खिंड ओलांडली की सांगतात, "निघालो." मध्ये अकरा मिनिटं. गाणाऱ्याची अकराची वीस झाली, वीसची तीस झाली. ढग इतके खाली होते की शोधायला कोणी उडू शकलं नाही.

धाकटी औषधांचं विमान घेऊन याच दरीतून आठवड्याला तीनदा जाते. लहानपणी बाबांचा पट्टा निघाला की ती माझ्या पाठीमागे लपायची. पट्टा मला लागायचा, तिला नाही. आजही नाही लागू देणार. त्या डोंगरावर आवाज पुढे पोचवणारा रिलेचा खांब उभा करीन तेव्हाच स्वस्थ बसेन.

१९ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "रिलेचा विचार पुढच्या वर्षी करू." मी टेबलावर मूठ आपटली. काच तडकली, माझ्याही हाताला चार टाके. साहेब धावपट्टीचे प्रमुख असतील, पण गाणाऱ्याची बोटं त्यांनी नाही मोडली. ते म्हणाले, "तू माणूस आहेस की रेडा?" मी म्हटलं, "रेडा तर रेडा, पण खांब द्या." संध्याकाळी मंजुरी आली.

११ मार्च

खांब दोनदा पडला. दुसऱ्यांदा वाऱ्याने असा उचलला की एका हमालाच्या खांद्याचं हाड कडकन मोडलं, मला दहा पावलांवर ऐकू आलं. दोर माझ्या एकट्याच्या हातात राहिला. सोडला असता तर खांब खालच्या तंबूवर गेला असता. सोडला नाही. तळव्यांची सालं निघाली. मग गारा सुरू झाल्या, सुपारीएवढ्या. एकाचं डोकं फुटलं.

चष्मिस तंबूत बसून तारा जोडत होता. चष्मिस म्हणजे रेडिओच्या खोलीतला माझा मदतनीस. फुंकर मारली तर उडेल असा. पण कामसू आहे, हे कबूल. मंगळवारची ड्युटी स्वतःहून मागून घेतो. मंगळवारी धाकटीच्या दोन फेऱ्या असतात, काम दुप्पट. असा माणूस हल्ली मिळत नाही.

२६ मार्च

चालू झाला! माझा खांब चालू झाला!

धाकटी दरीत शिरली. पूर्वी जिथे तिचा आवाज कापल्यासारखा तुटायचा तिथे तुटला नाही. शेजारच्या खोलीतून बोलावं तसा. "दादा, ऐकू येतंय?" मला रडू फुटलं. चष्मिसासमोर नाक शिंकरावं लागलं. तोही चष्मा पुसत होता. त्याला रडायला काय झालं कोण जाणे, बहीण माझी.

रिलेची गंमत एकच आहे, एका वेळी एकानेच बोलायचं. मी माइकचं बटण दाबलं की टेबलावरचा लाल दिवा लागतो, खांब माझा आवाज दरीत ओततो आणि तेवढा वेळ त्याचा कान बंद. बटण सोडलं की दिवा विझतो, कान उघडतो. बस. शेंबड्या पोरालाही कळेल.

हल्ली धाकटी आधी विचारते, "कोण आहे, तू की तो?" मी आहे म्हटलं की लगेच कामाचं बोलून मोकळी होते. शिस्त माझ्याकडूनच शिकली. तो असला की बराच वेळ चालतं म्हणे. हा वाऱ्याचे आकडे सावकाश वाचत असेल.

२ एप्रिल

आज मी धाकटीला हवामान सांगता सांगता जरा चार गोष्टी समजावत होतो, तर मध्येच टक्! आवाज तुटला. टेबलाखालच्या पेटीत एक टायमर निघाला. कोणी सलग तीन मिनिटं बटण दाबून ठेवलं की तो आपोआप तोडतो.

"कशाला हे थेर?" मी चष्मिसाला विचारलं.

त्याने माहितीचं पुस्तक उघडलं. "चुकून बटण दाबलेलं राहिलं तर सगळी वाट अडते, म्हणून."

"चुकून दाबलेलं राहायला इथे काय माकडं बसलीत?"

टायमर काढून टाकला, तार सरळ जोडली. तो पुन्हा पुन्हा तेच. "काढू नका. तिच्या जिवाचा प्रश्न आहे." तिच्या म्हणे! माझ्या बहिणीच्या जिवाची काळजी हा मला शिकवणार. कॉलर धरून भिंतीला टेकवला. चष्मा पडला. मारलं नाही. वहीत लिहायचं आहे हे डोक्यात होतं, म्हणजे वहीचा उपयोग होतोय.

१७ एप्रिल

धाकटी जेवायला आली होती. बायकोच्या मनगटावर निळं झालंय. दार लावताना तिचा हात मध्ये आला. मी दार जरा जोरात लावलं हे खरं, पण ती तरी तिथे कशाला उभी राहते? धाकटी त्या मनगटाकडे बघत राहिली. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, दादा."

जाताना पायरीवर थांबली. "मला तुला एक सांगायचंय."

"सांग की."

तिने माझ्या हाताकडे बघितलं. मी नुसता दाराच्या चौकटीला टेकवला होता. "नको, नंतर." आणि गेली. नवीन विमान हवं असेल, दुसरं काय. साहेबांशी बोलावं लागेल. टेबलाची काच अजून बदललेली नाही त्यांनी.

९ मे

मिशावाले मेलेच होते. आमचे सगळ्यात जुने वैमानिक. धावपट्टीवर उतरता उतरता आडवा वारा आला आणि विमान पाठीवर पडलं. सगळे लांब उभे राहून ओरडायला लागले. इंधन गळत होतं, वास नाकात जात होता. मी धावलो. काच कोपराने फोडली. ते उलटे लटकलेले, मिशा रक्ताने चिकटलेल्या. पट्टा कापला, काखेत हात घालून ओढलं. वीस पावलं गेलो असू, आणि भडका. माझ्या भुवया गेल्या.

ते शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "लेका, तुझे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीवर लक्ष ठेवा वरून." त्यांनी माझा हात धरला आणि मान हलवली. आठवड्यात पुन्हा उडणार म्हणाले. जातिवंत माणूस.

हा हात कामाचा आहे. लोकांना फक्त त्याचा त्रास दिसतो.

२३ मे

अक्षर वाकडं येतंय. उजव्या हाताच्या गाठी सुजल्यात. संध्याकाळ झाली. धाकटीचा पत्ता नाही.

जसं झालं तसं लिहितो, उद्या विचारतील.

आज मंगळवार, ड्युटी चष्मिसाची. पण ढग होते म्हणून मी सकाळीच गेलो आणि माइक घेतला. १०.४४ ला धाकटी म्हणाली, "आत चालले. कोण आहे?" म्हटलं, मी. "तो कुठाय?" म्हटलं, "इथेच बसलाय मख्खासारखा." ती म्हणाली, "खिंडीचं काय? मिशावाले पलीकडून येताहेत ना, त्यांना दिसली की मला सांगा. ढगांनी बंद असली तर मी अलीकडूनच वळते." दरी पुढे अरुंद होते. वळायचं तर मोठ्या सुळक्याच्या आधीच वळावं लागतं, नंतर जागा नाही.

मी तिला वारा सांगितला. मग म्हटलं, घाई करू नकोस, तुझा स्वभाव माहीत आहे मला, आणि वहिनीच्या मनगटाबद्दल जे मनात धरून बसलीयस ते काढून टाक, मी काही राक्षस नाही. आणि मध्येच टक्.

टायमर! मी काढलेला टायमर याने माझ्या पाठीमागे पुन्हा बसवला होता. १०.४७ झाले होते. मी विचारलं, "कधी?" म्हणतो, "गेल्या महिन्यात. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही..." मी टेबलाखाली वाकलो आणि टायमर तारांसकट उपटला. तार सरळ जोडली. माइक हातातच होता. उठलो आणि तो त्याच्या अंगावर फेकला. त्याला लागला नाही. टेबल आणि भिंतीच्या फटीत जाऊन अडकला.

मग माझा ताबा सुटला. हे लिहितो, कारण वही त्यासाठीच आहे. पहिला ठोसा पोटात. तो वाकला तसा गुडघा. चष्मा फुटून त्याच्या भुवईत घुसला. केस धरून त्याला कपाटावर आपटला, दोनदा की तीनदा. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही, शिव्याच असणार. "माझ्या खोलीत, माझ्या यंत्राला हात लावतोस!" तो हात वरही करत नव्हता. रांगत टेबलाकडे जायला बघत होता. "माइक," म्हणत होता, "माइक, दिवा." मी बघितलं. लाल दिवा लागलेला होता. मला बरंच वाटलं, टायमर काढला तरी यंत्र ठणठणीत. आणि याला माइक कशाला हवा? सगळ्या वैमानिकांना रडून सांगायला? पाय धरून मागे ओढला. तो पुन्हा रांगत गेला. पुन्हा ओढला. फटीत हात घालायला गेला तेव्हा मी त्याच्या जबड्यावर बूट घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तरी हात फटीकडेच.

साहेब आणि जीपवाला आले. दोघांनी मिळून मला मागे खेचलं. चष्मिसाला जीपमध्ये घालून नेलं.

मी माइक फटीतून काढला. तिथे घट्ट बसला होता, जोर लावून ओढावा लागला. १०.५८. "धाकटी, बोल." नुसती खरखर. "धाकटी, दादा बोलतोय." काही नाही.

११.२० ला मिशावाले उतरले. सरळ आत आले आणि माझ्या पायांवर थुंकले. दोन आठवड्यांपूर्वी या माणसाला मी आगीतून ओढलं! उगारलेला हात मी खाली घेतला, त्यांच्या वयाकडे बघून. ते साहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

रजिस्टरमध्ये मी लिहिलंय, "१०.४७ ते १०.५८, रिलेमध्ये बिघाड." टायमरशी खेळल्यावर दुसरं काय होणार? तिला काही झालं असेल तर ते चष्मिसाच्या डोक्यावर.

२४ मे

सापडली. जिवंत आहे. जिवंत आहे. जिवंत आहे.

सुळक्याच्या पुढे, खिंडीच्या तोंडाशी. वळायचा प्रयत्न केलेला दिसतो. डावा पंख कड्याला लागून तुटलेला, बाकीचं विमान खाली घसरत गेलेलं. ती त्याच्या बाहेर होती. स्वतः सरपटत बाहेर आली असणार, मागे दगडांवर तसा माग होता. चेहऱ्यावर जळतं इंधन उडालंय. डोळ्यांच्या जागी काय आहे ते मी लिहिणार नाही. हातांची कातडी हातमोज्यासारखी सुटलीय. मी हाक मारली तर तिने तोंड दुसरीकडे वळवलं. वेदनेने असेल.

पाठीला बांधून खाली आणली. वाटेत जीपवाला म्हणाला, "मी घेतो थोडा वेळ." मी त्याला दगड मारला. लागला नाही.

तिला दवाखान्यात दिलं आणि मी परत डोंगर चढून खांबाशी गेलो. बिघाड शोधायला हवा होता. बॅटरी भरलेली, तारा घट्ट, खांब सरळ. कुठेही काही नाही. तीनदा तपासलं. तिथून खाली बोलून बघितलं, साहेबांचा आवाज खणखणीत आला. बिघाड आपोआप आला आणि आपोआप गेला? असं होत नाही. वीस वर्षांत मी असं बघितलं नाही. डोक्यात काहीतरी येतंय आणि मी ते येऊ देत नाहीये.

२५ मे

दवाखान्यात एकच मोठी खोली आहे. धाकटी खिडकीशी. डोळ्यांवर, हातांवर, गळ्यावर, पायांवर पट्ट्या. तिच्या खाटेशी स्टुलावर चष्मिस. त्याचा जबडा तारेने घट्ट बांधलाय, दात मिटलेले, नळीने पाणी पितो. चष्मा नाही, एक डोळा सुजून बंद. मांडीवर वही. तो लिहीत होता आणि नर्सबाई तिला वाचून दाखवत होत्या. तिला दिसत नाही आणि त्याला बोलता येत नाही.

नर्सबाईंनी मला बघितलं. "तुम्ही भाऊ ना? बरं झालं आलात. मला दहा खाटा बघायच्यात. घ्या, तुम्ही वाचा." आणि त्याची वही माझ्या हातात.

चष्मिस उठायला गेला. भ्याला होता, मी एक पाऊल टाकलं तरी खांदे वर घेत होता. पण तिच्या खाटेपासून हलला नाही. मग काय मनात आलं कोण जाणे, खाली बसला आणि मला बोटाने खूण केली, वाच.

मी वाचलं. "डॉक्टर म्हणाले ताप उतरतोय. मी इथेच आहे. घरी जाणार नाही."

ती दचकली. "दादा?"

"हो गं."

तिने तोंड स्टुलाकडे वळवलं. मग त्याला म्हणाली, "तू सांगितलंस याला? बटणाचं?"

त्याने लिहिलं. मी वाचलं. "नाही."

"कसलं बटण?" मी म्हटलं. पण मला माहीत होतं. मी ते परवाच या वहीत माझ्या हाताने लिहिलंय. लाल दिवा लागलेला होता, फटीतून माइक जोर लावून ओढावा लागला. सगळं लिहिलंय आणि मला दिसलं नाही.

"माइक दाबला गेला होता, दादा," ती म्हणाली. आवाज कोरडा, ओठ फाटलेले. "टक् झालं आणि परत तुझाच आवाज. थांबेचना. मला सगळं ऐकू येत होतं. कपाट, काच, सगळं. तो माइक माइक म्हणत होता तेही. मी ओरडत होते, दादा बटण सोड, दादा बटण सोड. मिशावाले मला ओरडून सांगत होते की खिंड बंद आहे, मागे फिर. त्यांचे शब्दच कळेनात. दोन आवाज एकावर एक, आणि वर शिट्टी. सुळका आला. मला वाटलं, दोन सेकंद थांबावं, आता सोडेल. मग पुढचे दोन सेकंद."

मी म्हटलं, "मला ऐकू आलं नाही गं." यापेक्षा निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. ती म्हणाली, "माहीत आहे."

मग म्हणाली, "आमचं लग्न ठरलंय. फेब्रुवारीपासून. तुला सांगायची हिंमत झाली नाही." ती रडायला लागली, पण पट्ट्यांच्या आत पाणी गेल्यावर आग होत होती, म्हणून रडताही येईना. चष्मिस उठला, तिच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला. तेवढीच जागा जळलेली नाही.

मी बाहेर गेलो. व्हरांड्याच्या भिंतीवर डोकं आपटलं, जीपवाल्याने धरेपर्यंत. मग धावपट्टीवर जाऊन रजिस्टरमधली ओळ खोडली आणि खरं लिहिलं. बटण दाबलेलं होतं, टायमर मी काढला, माणूस मी मारला. खाली सही. साहेब म्हणाले, "कशाला? दरी अशी आहेच, तिथे पूर्वीही माणसं गेलीत. लिहून टाक रिले बंद पडला, कोणी विचारणार नाही." पहिल्यांदा मला साहेबांना मारावंसं वाटलं नाही. म्हटलं, "मिशावाल्यांना विचारा काय ऐकू आलं ते. आणि पोलिसांना बोलवा." ते म्हणाले, "सकाळी बघू. आधी तिच्याजवळ जा."

गेलो. ती म्हणाली, "त्याचं वाच. फक्त त्याचं. तुझं काही मध्ये घालू नकोस."

२६ मे

सकाळी सव्वासहाला गेली.

पहाटेपासून ताप पुन्हा चढला होता. डॉक्टरांनी चष्मिसाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मला नाही सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. तो परत येऊन बसला आणि लिहायला लागला. तेव्हापासून थांबला नाही. पान भरलं की फाडून माझ्या हातात. त्याचं अक्षर बारीक आहे, मला डोळे ताणून वाचावं लागत होतं. तिला त्याच्या घरातली खोली कशी आहे ते त्याने सांगितलं. खिडकी कुठे, पलंग कुठे, तिची विमानाची टोपी कुठल्या खिळ्यावर लावायची. मी सांगितलं. मी म्हणजे त्याने. "मंगळवारची ड्युटी मी तुझ्यासाठी घ्यायचो." हेही मी वाचलं, माझ्या तोंडाने, तिच्या तोंडाजवळ वाकून. ती थोडी हसली.

एकदा तिने विचारलं, "हे तू म्हणतोयस की तो?"

"तो," मी म्हटलं.

"मग हळू वाच."

मी हळू वाचलं. त्याचं एक पान अर्ध्यावर आलं होतं. "मला पहिल्यांदा तुझा आवाज ऐकू आला त्या दिवशी मी हवामानाचे आकडे चुकीचे सांगितले, आणि तू हसलीस, आणि..." इथे तिचा श्वास थांबला. मी वर बघितलं. नर्सबाई आल्या, पट्टीवरून मनगट धरलं, ठेवून दिलं.

मी कागद खाली केला. चष्मिसाने माझ्याकडे बघितलं. एक डोळा बंद, दुसरा लाल. तारेमागून घशातून आवाज आला, शब्द नव्हता. त्याने बोटाने कागद दाखवला. मग तिला दाखवलं.

मी कागद पुन्हा उचलला आणि त्याचं म्हणणं शेवटपर्यंत वाचलं.